काकांचा राहून गेलेला उखाणा

झाशी स्टेशनवरून आजवर जेवढ्या गाड्या सुटल्या असतील, त्याहून जास्त कविता माझ्या वडिलांच्या मावसभावाने वाटेत अडवून धरल्या असतील, असं मी बेधडक म्हणतो. आणि त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या. काका रेल्वेच्या तारघरात तारबाबू. दिवसभर यंत्रावर कडकट्ट करायचं, संध्याकाळी खंडेराव गेटजवळच्या घरी येऊन अंगणात खाट टाकायची आणि वाट बघत बसायचं, हा त्यांचा क्रम. आमचे पूर्वज कधीतरी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले. तेव्हा गावात मराठी घरं मोजकीच आणि त्या घरांतली मराठीही हिंदीत भिजवून ठेवलेली. तरी गोवर यावा तशी कोणाकोणाला कविता यायचीच. ज्याला आली त्याला घरचे लोक काकांकडे पाठवत. काका ती पूर्ण उतरवून परत पाठवत.

मी पार्सल ऑफिसात नवा कारकून लागलो होतो आणि मला ही बाधा जरा जोरात झाली होती. माझी पहिली कविता काकांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, “यमक बरोबर आहे. बाकीचं कुठे ठेवलंस?” मी म्हटलं, “बाकीचं म्हणजे?” ते म्हणाले, “यमक म्हणजे गार्डाचा डबा रे. तो शेवटी दिसला की गाडी पूर्ण आली हे कळतं. पण तू नुसता गार्डाचाच डबा ढकलत आणला आहेस. माल कुठाय?” पार्सल ऑफिसातल्या माणसाला याहून झोंबेल असं काही बोलता आलं नसतं. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य झालो. म्हणजे मी तसं समजत होतो. काकी म्हणायच्या, “शिष्य कसला, गिऱ्हाईक म्हण.”

लय शिकवण्याची काकांची रीत अशी, की जे कानावर पडेल ते मोजायचं. बोटांवर लघु-गुरू, लघु-गुरू चालूच. एकदा दारावरून भाजीवाला ओरडत चालला होता, “ताज़ी भिंडी, ताज़ा पालक, हरी मिर्च और धनिया लो!” काका खाटेवरून उठले, बाहेर गेले आणि अत्यंत आपुलकीने त्याला म्हणाले, “भैया, पहली पंक्ति में सोलह मात्रा हैं, दूसरी में पंद्रह। एक कम पड़ रही है।” भाजीवाल्याने टोपली खाली ठेवली. “बाबूजी, तौल में कम निकले तो कहियो! भिंडी लेनी है कि नईं?” काकांनी भेंडी घेतली नाही. दुसऱ्या दिवसापासून तो माणूस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की गप्प व्हायचा आणि गल्ली संपली की पुन्हा सुरू करायचा. काकींना भाजीसाठी ओरछा गेटपर्यंत चालत जावं लागायचं. “एका मात्रेपायी माझे पाय गेले,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

प्रतिमेच्या धड्याने तर माझं लग्न मोडलं. मी लिहिलं होतं की, तुझा चेहरा चंद्रासारखा. काकांनी विचारलं, “कोणत्या तिथीच्या?” मी म्हटलं, “पौर्णिमेच्या.” “बघितला होतास?” मी बघितला नव्हता, मी ती कविता दुपारी पार्सलांच्या गठ्ठ्यावर बसून लिहिली होती. “मग रोज बघतोस असं काहीतरी गोल आण,” काका म्हणाले. मी प्रामाणिकपणे विचार केला. रोज बघतो असं गोल म्हणजे स्टेशनवरचं घड्याळ. ज्याच्याकडे सगळे बघतात, ज्याच्याकडे बघून काळजाचा ठोका चुकतो, ज्याच्यामुळे माणसं धावतात! मला ते इतकं पटलं, की ग्वाल्हेरची जी मुलगी मी नुकतीच बघून आलो होतो तिला मी ती कविता पाठवून दिली. तिच्या वडिलांनी कळवलं की, मुलीला अजून पुढे शिकायचं आहे. मी रडकुंडीला येऊन काकांकडे गेलो. त्यांनी कविता पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, “प्रतिमा उत्तम आहे. मुलगी बदल.”

पण एक गोष्ट त्यांनी शिकवली ती मात्र मला अजून पुरते. माझ्या एका कवितेत ‘दुःख’ हा शब्द जागोजागी पेरलेला होता. काकांनी ते सगळे बोटाने मोजले. मग म्हणाले, “आमच्या तारेत काय असतं? ‘आई आजारी, लगेच नीघ.’ एवढंच. त्यात रडू कुठे लिहिलेलं असतं? पण घेणारा माणूस उभ्या उभ्या वाचतो आणि खिडकीखाली बसतो. मी बघितलेत असे. तू दुःख लिहू नकोस. तो खाली बसला पाहिजे.” त्या दिवशी त्यांनी माझी कविता परतही केली नाही. तिचा कागद काकींनी कांदेपोह्यांबरोबरच्या लिंबाच्या फोडी ठेवायला घेतला.

आता एवढं कळणाऱ्या माणसाने स्वतः किती लिहिलं असेल? एक ओळसुद्धा नाही. विचारलं तर म्हणत, “सिग्नल देणाऱ्याने इंजिन चालवायचं नसतं.” खरी गोष्ट काकींकडून कळली. लग्नात नवऱ्या मुलाने तांदळात बोटाने बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. काकांनी आधी बोटांवर मोजून, तपासून, लघु-गुरू लावून नाव ठरवलं होतं: मंदाकिनी. नाव सुंदर. मग बायका म्हणाल्या, आता उखाण्यात नाव घ्या. दोन ओळी, त्यात बायकोचं नाव, शेवटी यमक; अडाण्यातला अडाणी माणूस आईने शिकवलेला उखाणा म्हणून मोकळा होतो. काका विचार करायला लागले. पंगत बसली, विचार चालू. पंगत उठली, दुसरी बसली, विचार चालू. शेवटी ते म्हणाले, “उद्या सांगतो.” काकी ही हकिगत सांगून झाली की म्हणायच्या, “यांचा तो उद्या अजून उजाडायचा आहे.” आणि खरंच, पुढच्या सगळ्या संसारात काकांनी काकींना नावाने एकदाही हाक मारली नव्हती. “अगं”, “ऐकलंस का” आणि फारच घाई असली तर नुसता घसा खाकरायचा.

काकांच्या साठीशांतीचं ठरलं तेव्हा काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. साठीला नवरा-बायकोचं पुन्हा एकदा लहानसं लग्नच लागतं; हार घालायचे, नाव घ्यायचं. काकी पुरणाला चटके देत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हे बघ, या वेळी यांनी नाव घेतलं नाही ना, तर मी पाटावर बसणार नाही. बायको नसली की पूजेत तिच्या जागी सुपारी ठेवतात. भटजींना सांगून ठेव, एक मोठीशी सुपारी आणा.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “मी चेष्टा करत नाहीये. जगाच्या कवितांना वेळ आहे, माझ्या दोन ओळींना नाही. तू त्यांचा शिष्य ना? मग काढ त्यांच्याकडून.”

मी ते काम अंगावर घेतलं आणि नेहमीप्रमाणे त्याची माती केली. मी स्वतःच एक उखाणा रचला:

झाशीच्या किल्ल्यावर उगवला चंद्र गोल,
मंदाकिनीमुळे माझ्या जन्माला आलं मोल.

आणि काकांकडे नेऊन म्हटलं, “ऑफिसातल्या एका मित्राने बायकोसाठी केलाय. जरा बघता?” काकांनी वाचलं. “चंद्र गोल! चौकोनी उगवायची भीती होती का? आणि मोल कोणी ठरवलं?” मग दुसऱ्या ओळीतल्या नावावर बोट ठेवून, नाव न उच्चारता, त्यांनी विचारलं, “तुझ्या मित्राच्या बायकोचंही हेच नाव?” मित्राच्या बायकोला दुसरं नाव द्यायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी बूट शोधायला लागलो.

“बस,” काका म्हणाले. “तिने पाठवलंय ना? मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला.” मग खाटेच्या सुंभावर बोटं फिरवत, गाड्यांची वेळ सांगावी तसं सांगितलं, “पहिली ओळ कितीदा तरी झाली रे. चांगली झाली की तिच्या बरोबरीची दुसरी होत नाही. दुसऱ्या कोणाबद्दल असती तर चालवून घेतली असती. हिच्याबद्दल वाईट ओळ कशी म्हणू? चार लोकांसमोर?” मी उठलो. घरी येऊन भटजींना निरोप धाडला की, सुपारी मोठी आणा.

साठीशांतीच्या दिवशी अंगण भरलं होतं. काकींनी आपला ठरलेला उखाणा खडाखडा म्हटला, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या माना काकांकडे वळल्या. काका पाटावर बसले होते, गळ्यात हार, मांडीवर बोटं, आणि बोटं मोजत होती. मी आचाऱ्याकडे बघितलं. जिलब्या गार होत होत्या. भटजींनी घड्याळ बघितलं. माझी आई समजुतीने म्हणाली, “भावजी, साधंसं काहीतरी म्हणा ना.” बोटं मोजतच होती. पहिली ओळ झाली असावी, कारण चेहरा क्षणभर उजळला. दुसरी अडली असावी, कारण तो पुन्हा विझला. काकींनी एक हात जमिनीला टेकला, उठायला टेकतात तसा. “भटजी,” त्या म्हणाल्या, “ती सुपारी कुठाय?”

“मंदाकिनी,” काका म्हणाले.

एवढंच. तारेवरचा पत्ता वाचून दाखवावा तसं, स्पष्ट आणि कोरडं. आम्ही पुढच्या शब्दांची वाट बघत राहिलो. पण उखाणा झाला की मागच्या बायकांनी “ऐकू नाही आलं!” असं ओरडायचंच असतं, तोंडाला सवय असते. त्या ओरडल्या, “ऐकू नाही आलं!”

“मंदाकिनी!” या वेळी सुटलेल्या गाडीतून फलाटावरच्या माणसाला हाक मारावी तसं. शेजारच्या भाभीजींना मराठी उखाण्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, खेळ असाच असतो. त्या हौसेने म्हणाल्या, “भाईसाहब, हमने भी नहीं सुना!”

काकांनी मान वळवून काकींकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा नाव घेतलं, अगदी हळू, आपल्याशीच बोलल्यासारखं. तिथे बसलेल्या कोणालाही ते नीट ऐकू येण्यासारखं नव्हतं. पण ऐकू आलं नाही असं या वेळी कोणीही म्हणालं नाही.

आईने दबकत विचारलं, “आणि पुढचं?”

“पुढचं राहू दे गं,” काकी म्हणाल्या. टेकलेला हात त्यांनी उचलून पदरात घेतला होता. “भटजी, चालवा तुमचं.”

जेवणं झाल्यावर मी काकांना गाठून विचारलं, “काका, काव्य म्हणून कसं झालं?” ते म्हणाले, “नापास. यमक नाही, दुसरी ओळ नाही.” मग काकींना विचारलं, तर म्हणाल्या, “मला तुमचं ते काव्य कळत नाही बाबा. पण यांना माझं नाव पाठ आहे, हे आज कळलं.”

त्या दिवसानंतर काका घरात नावाने हाक मारायला लागले. एकदा सुरुवात झाल्यावर कोणी थांबवणारं नव्हतं. चष्म्यासाठी मंदाकिनी, चहासाठी मंदाकिनी, काही नको असलं तरी मंदाकिनी. काकींनी मात्र एक चावटपणा धरला. त्या पहिल्या हाकेला ओ द्यायच्या नाहीत. मी समोर बसलेलो असलो तर डोळ्यांनी मला दटावायच्या, गप्प बस म्हणून, आणि तांदूळ निवडत राहायच्या. दुसरी हाक यायची. तिसरी यायची. मग “आलेऽऽ” म्हणून उठायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकलं.

पुढे माझी बदली झाली. काका गेले तेव्हा मला यायला जमलं नाही. नंतरच्या थंडीत झाशीला उतरलो आणि थेट त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. काकी अंगणात उन्हात बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे, मांडीवर ताट. मी उंबऱ्यातूनच हाक मारली, “काकी!”

त्यांनी पहिल्याच हाकेला ओ दिली.