दुधाची गाठ

संध्या पेन अंबाड्यात खोचायची आणि मग सगळ्या अंगणवाडीत पेन शोधायची. वजनकाट्याला झोळी अडकवण्याआधी आकडा पदराने पुसायची. तो स्वच्छ असला तरी पुसायची. कुणाच्या घरी गेली की आधी चुलीकडे बघायची, मग बाळाकडे. एस.टी.त खिडकीची जागा सोडून कडेला बसायची. साहेबांचा फोन आला की उभी राहून बोलायची. आणि कुणी काही सांगितलं की त्याचं कारण विचारायची, "काहून?"

भातकुलीत तिच्या मागे तिला काहूनबाई म्हणत. तिला ते माहीत होतं. "मले काहूनबाई काहून म्हणतात वो?" असं तिने एकदा शेजारच्या माधवीला विचारलं होतं. मग दोघी हसत सुटल्या होत्या.

माधवी तिच्याहून सात वर्षांनी लहान. मराठीत एम.ए. झालेली, अमरावतीला एका शिकवणी वर्गात तासावर शिकवणारी. संध्याचा नवरा अनुप अकोल्याला डाळमिलमध्ये होता, आठवड्याने घरी यायचा. घरात सासू सुंदराबाई आणि मुलगा पियुष. माधवीचं निम्मं जेवण त्याच घरात व्हायचं.

पियुष दिवस भरण्याआधी जन्मला. पावणेदोन किलोचा. गावभरच्या पोरांची वजनं घेणाऱ्या बाईचं स्वतःचं पोर वाळकं, हे संध्याच्या जिवाला लागलं होतं. दर महिन्याला ती त्याला त्याच झोळीत घालायची आणि काटा थांबेपर्यंत श्वास धरायची. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं. पण पोराचा जीव आईच्या दुधावरच होता. तापात सगळं टाकायचा, दूध टाकायचा नाही. वर्षाचा होईपर्यंत वजनाच्या तक्त्यावर तो पिवळ्या पट्ट्यातून हिरव्यात आला. त्या दिवशी तिने मदतनीस बाईला पेढा आणायला लावला.

त्याच सुमारास तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या स्तनात, सुपारीएवढी. दुखत नव्हती.

सुंदराबाईने मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला दिली. दोन महिने शेकून झालं. मग संध्या अमरावतीला एका खाजगी दवाखान्यात गेली. पियुषला धरायला माधवी सोबत होती.

डॉक्टरांनी दोन बोटांनी चाचपलं. "दुधाची गाठ आहे. बाळ केवढं?"

"चवदा महिन्याचा."

"अजून पाजता? आता त्या दुधात काय राहिलंय? पाणी. बंद करा. गाठ आपोआप जिरेल. तीन महिन्यांनी या."

संध्याने पोलक्याच्या गुंड्या लावल्या. मग म्हणाली, "साहेब, दुधाची असन तर लेकरू पिल्यावर कमी व्हाले पायजे. हे तर तेवढीच राहते. काहून?"

"बाई, दूध आहे तोवर काही तपासता येत नाही. आधी बंद करा."

"पण दोन वर्षं पाजा म्हणून मी घरोघरी सांगून राहिली. सरकारच सांगाले लावते."

"मग सरकारलाच दाखवा," डॉक्टर म्हणाले आणि घंटी वाजवली.

तिचे प्रश्न दोन होते. एक गाठीचा, एक दुधाचा. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत दुधाचा तेवढा उरला. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

माधवीला राग आला होता. वाचून, दाखले देऊन वाद जिंकता येतो, हे तिला शिकवलेलं होतं. तिने मोबाइलवर शोधलं. आईचं दूध किती वर्षं द्यावं, वर्षानंतर त्यात काय असतं, लवकर तोडल्याने कमी वजनाच्या बाळाचं काय होतं. चार पानं निघाली. तिने ती झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली, खास ओळींखाली लाल रेघा मारल्या. पुढच्या आठवड्यात दोघी पुन्हा त्याच दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी पानं खरंच वाचली. चष्मा काढून म्हणाले, "बरं. पाजा. दूध चांगलंच असतं, मी नाही म्हणत नाही. पण मग गाठीचं मला विचारू नका. सोडल्यावर या."

बाहेर येऊन दोघींनी गाडीवर दह्यातला गिलावडा खाल्ला. पियुषच्या तोंडाला दही लागलं होतं.

"डॉक्टरले गप केलं तू," संध्या म्हणाली.

"तुम्हीच केलं, ताई. मी फक्त रेघा मारल्या."

"मास्तरीण आहेस तू. नुसत्या रेघा मारते." आणि ती पोट धरून हसली.

त्यानंतर घरात भांडण रोजचं झालं. ते फक्त दुधाचं होतं. सुंदराबाई कडुलिंबाचा पाला वाटून ठेवायची. "हे लाव. दोन दिवस रडन, मंग इसरून जाईन. अनुपले मी असंच तोडलं होतं."

"म्हणूनच तो आजून कडू बोलते," संध्या म्हणायची.

"चालते पोट्टं अंगावर पिते. बाया हसतात."

"हसू द्या. त्याईच्या लेकरायचं वजन मले मालूम आहे."

वाटलेला पाला संध्या कोंबड्यांपुढे टाकायची. कोंबड्या त्याला तोंड लावत नसत. सुंदराबाई त्यावरूनही संध्यालाच बोलायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. माधवी ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. संध्या न्हाणीतून पदर सावरत आली. सुंदराबाईने तिला थांबवलं, पोलक्यावरूनच हात लावला. म्हातारीचं तोंड उतरलं.

"हे लिंबाएवढी झाली वो."

"दूध आहे त्यात."

"पाज, नाई तं नको पाजू. तुह्या दुधाचं मी आता काईच नाई म्हणत. गाठीचं पाय आधी. दुसऱ्या डॉक्टरले दाखव."

संध्या माधवीकडे बघून डोळे मिचकावत हसली. माधवीही हसली. म्हातारीने नवी युक्ती काढली, असं दोघींना वाटलं. डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर दूध तोडायला सांगणार, म्हातारीला तेच हवं. इतके महिने जी पाला वाटत होती, तिचं हे एक वाक्य कुणी खरं धरलं नाही.

"दोन वर्षं होऊ द्या, आत्याबाई," संध्या म्हणाली. "मंग दूधबी तोडते अन् गाठबी दाखवते."

जानेवारीत तिला खोकला लागला. फेब्रुवारीत गृहभेटीला जाताना ती दर दोन घरांनी ओट्यावर टेकू लागली. मार्चमध्ये अनुपने मिलमधून सुट्टी काढली आणि तिला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. माधवीही गेली. सोनोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला, छातीचा फोटो झाला. आठ दिवसांनी निकाल आला. गाठ कॅन्सरची होती. फुप्फुसात पोचली होती.

तिथली डॉक्टर तरुण होती. तिने विचारलं, "इतके महिने का थांबलात?"

संध्याने सांगितलं. सगळं, क्रमाने, गृहभेटीचा अहवाल सांगावा तसं.

डॉक्टरने हातातला कागद खाली ठेवला. "पाजत असतानाही हे सगळं करता येतं. सोनोग्राफीही, सुईची तपासणीही. त्यासाठी दूध तोडावं लागत नाही."

"म्हंजे मी पाजलं ते चुकलं नाई?"

"नाही. ते चुकलं नाही."

संध्याने मान हलवली.

माधवी खिडकीशी उभी होती. तिने मोबाइलवर दुधाचं सगळं विचारलं होतं. गाठीचं एकदाही विचारलं नव्हतं. हे तिला तिथे, त्या खिडकीशी कळलं. तेव्हापासून ते रोज तिला नव्याने कळतं.

औषधं पंधरा दिवसांनी सुरू होणार होती. ती दुधात उतरतात, म्हणून त्याआधी पाजणं बंद करायचं होतं. संध्याने या वेळीही डॉक्टरला कारण विचारलं. उत्तर पटलं, तेव्हाच हो म्हणाली.

घरी आल्यावर सुंदराबाईने पाला वाटला नाही. ती नुसती दारात बसून राहिली.

"एकदम नाई तोडायचं," संध्या म्हणाली. इतर आयांना सांगायची तसंच तिने सासूला समजावलं. पियुष दिवसातून पाच वेळा प्यायचा. तीन दिवसांनी एकेक वेळ कमी करायची. त्या वेळेला दुसरं काही खायला द्यायचं, दुसऱ्या कुणी जवळ घ्यायचं. पोराला वाटू नये की आई त्याच्यावर रुसली.

दुपारचं आधी सुटलं. त्या वेळेला माधवी त्याला केळ देऊन म्हशी दाखवायला न्यायची. मग दिवेलागणीचं. सुंदराबाई त्याला मांडीवर घेऊन ज्वारीच्या कण्या भरवायची आणि तोंडाने कोंबडीचा आवाज काढायची. तो हसायचा, खायचा, मध्येच मागे वळून आईकडे बघायचा. मग सकाळी दहाचं सुटलं. मग झोपतानाचं. त्या वेळी अनुप त्याला खांद्यावर टाकून अंगणात फिरवायचा. संध्या आत भिंतीकडे तोंड करून पडायची. पोलकं ओलं व्हायचं, ते दिवसातून तीनदा बदलायची. दम लागल्याने बोलणं तुटक झालं होतं.

"पहाटेचं शेवटी," ती म्हणाली. "ते अवघड आहे. तेव्हा त्याचे डोये बंद असतात. हातानंच शोधते."

तेराव्या दिवशी पहाटे तिने त्याला पाजलं. उजेड झाल्यावर तिला श्वास घेता येईना. गाडी करून अमरावतीला नेलं. फुप्फुसाभोवती पाणी भरलं होतं. ते काढलं. पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. एकतीस वर्षांची होती.

पियुष दुपारी केळ खातो. दिवेलागणीला कण्या खातो. दहा वाजताचं आणि झोपतानाचं तो विसरला आहे. पहाटे मात्र डोळे मिटलेलेच ठेवून तो सुंदराबाईच्या अंगावरून हात फिरवतो, थांबतो, पुन्हा फिरवतो. ती एक वेळ सोडवायची राहिली.