चौथ्या फळीतला शेजारी

अल्फारेटाच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तो समोरच्या घरात राहायला आला, त्या दिवशी त्याच्या भुवईवर ताजे टाके होते आणि तो एकटाच सोफा जिन्यावरून वर चढवत होता. मी आणि माझा मुंबईचा रूममेट हात द्यायला धावलो. मला वाटलं, बिचाऱ्याला अपघात झाला असावा. मागून टेबललँप घेऊन येणारी त्याची बायको म्हणाली की अपघात वगैरे काही नाही, हा आइस हॉकी खेळतो आणि त्यावरच आमचं घर चालतं.

जॉर्जियात एप्रिलपासूनच शर्ट पाठीला चिकटतो. तिथे कुणी बर्फावर खेळून पोट भरत असेल, हे माझ्यासारख्या नागपूरच्या माणसाला पटेना. पण अर्ध्या तासावरच्या एका गावात छोटी व्यावसायिक टीम होती आणि हा तिच्यात फॉरवर्ड होता. तिशी ओलांडलेली. मूळचा मिनेसोटाच्या अगदी उत्तरेकडचा, जिथे तळी गोठतात आणि पोरं चालायला लागली की लगेच त्यांच्या पायात स्केट्स चढवतात. विशीत त्याने खेळायला सुरुवात केली आणि तेव्हापासून दर एक-दोन वर्षांनी नवं गाव, नवी टीम. कधी हंगामाच्या मध्येच सकाळी सांगायचे की तुला दुसरीकडे दिलंय, आणि संध्याकाळी हा सामान गाडीत टाकून निघालेला असायचा. सगळ्यात वरच्या लीगमध्ये मात्र तो एकदाही खेळला नव्हता.

बायको दातांच्या दवाखान्यात काम करायची. लग्न ठरलं तेव्हा तिने विचार करूनच ते शिक्षण घेतलं होतं. दात सगळ्याच गावांत असतात, असं ती म्हणायची. नवऱ्याचे पुढचे दोन खोटे होते, त्यांची जबाबदारीही तिच्याचकडे.

आमची खरी ओळख झाली ती दुपारच्या वेळी. त्याची प्रॅक्टिस सकाळी आटपायची. माझा प्रोजेक्ट अचानक संपला होता आणि कंपनीने मला बेंचवर, म्हणजे हाताला काम नसताना नुसतं पगारावर, बसवलं होतं. नवा प्रोजेक्ट मिळाला नाही तर व्हिसाचं काय, या विचाराने मला रात्री नीट झोप यायची नाही आणि सकाळी उठावंसं वाटायचं नाही. दुपारी बारा वाजता, दाढी न करता, नाइट पँटवर मी टपाल घ्यायला खाली उतरायचो. एकदा तो तिथेच भेटला. बरा आहेस ना, असं त्याने विचारलं, तेव्हा मी बेंच म्हणजे काय ते सांगितलं.

तो हसला नाही. जिन्यावर बसला आणि म्हणाला, "मी गेल्या आठवड्यात तीन मॅच बाहेर बसून काढल्या. पण प्रॅक्टिसला पहिला मीच असतो. मला खेळवायचं की नाही, हे कोच ठरवतो. मी तयार आहे की नाही, ते मात्र मी ठरवतो."

त्याने उपदेश म्हणून सांगितलं नव्हतं, स्वतःचा दिनक्रम सांगावा तसं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायला लागलो. काही आठवड्यांनी इंटरव्ह्यू आला, तेव्हा अभ्यास झालेला होता. प्रोजेक्ट मिळाला.

त्यानंतर आम्ही दोघं रूममेट त्याच्या मॅचना जाऊ लागलो. हॉकीत खेळाडू फळ्याफळ्यांनी मैदानात उतरतात, मिनिटभर जीव तोडून पळतात आणि परत बाकावर येतात. पहिल्या फळीतले गोल करणारे, त्यांच्यासाठी लोक ओरडायचे. हा चौथ्या फळीत. याचं काम म्हणजे समोरच्यांना अडवणं, मैदानाभोवतीच्या काचेवर आदळणं, गोळीसारख्या येणाऱ्या पकसमोर, म्हणजे त्या टणक रबरी चकतीसमोर, स्वतःला झोकून देणं. माझा रूममेट म्हणाला, "यार, हा तर परमनंट नाइट वॉचमन आहे." मला ते बरोबर वाटलं. आपला मोठा फलंदाज वाचावा म्हणून स्वतः समोर जाणारा.

त्याचं खेळणं बघताना माझी नजर गोलकडून त्याच्याकडे वळायला शिकली. पकवर झेपावल्यावर तो कळवळत उठायचा, कसाबसा बाकापर्यंत जायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच उभा.

२००६च्या हिवाळ्यात त्याला एक पायरी वरच्या टीमने उसनं नेलं. काही आठवड्यांसाठीच, असं सांगितलं होतं. बायको नोकरीमुळे इथेच राहिली. एके दिवशी दुपारी तिने मला ऑफिसात फोन केला. तिचा आवाज इतका हळू होता की मी घाबरलो. सगळ्यात वरच्या टीममधले दोन-तीन फॉरवर्ड एकाच वेळी आजारी पडले होते आणि आज संध्याकाळी याला त्यांच्या जागी बोलावलं होतं. मॅच टीव्हीवर होती. तिच्याकडे तो चॅनेल नव्हता, आमच्याकडे होता.

आम्ही पोहे केले. तिला मिरची झेपणार नाही म्हणून रूममेटने तिचे वेगळे काढले. तिने बशी हातात धरली, पण खाल्लं नाही. ती सोफ्यावर बसलीच नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

बराच वेळ तो नुसता बाकावर दिसायचा. निवेदक त्याचं आडनाव चुकीचं उच्चारत होता. शेवटच्या भागात, बरोबरी असताना, तो उतरला. पक कोपऱ्यात गेला आणि त्याच्यापेक्षा हातभर उंच गड्याच्या आधी हा तिथे पोचला. त्या गड्याने त्याला मागून आडवं केलं, तर पडल्यापडल्याही याने काठीने पक आपल्या माणसाकडे ढकलला. शिट्टी वाजली. समोरच्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. हा बाकाकडे परतला आणि एक माणूस जास्त असलेल्या त्याच्या टीमने तेवढ्यात गोल केला. तोच गोल जिंकून देणारा ठरला.

पडद्यावर गोल करणाऱ्याचं आणि पास देणाऱ्यांचं नाव आलं. मी विचारलं, याचं का नाही?

"याच्यासाठी नाव देत नाहीत," ती म्हणाली. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "पण बाकावर बघ."

बाकावर सगळे जण त्याच्या हेल्मेटवर थापा मारत होते.

आजारी खेळाडू बरे झाले आणि त्याला परत पाठवलं. त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही. तो आला त्या सकाळी मी मुद्दाम दार उघडून थांबलो होतो. कसं वाटलं, असं विचारलं तर म्हणाला की बर्फ फार गुळगुळीत होतं, इतकं छान बर्फ आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग घड्याळाकडे बघून प्रॅक्टिसला गेला. त्याच्या जागी मी असतो तर महिनाभर नुसता त्याच गोष्टी सांगत बसलो असतो.

पुढच्या वर्षी गुडघ्याने दगा दिला आणि तो थांबला. मी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला बदलून गेलो, ते दोघं ओहायोत तिच्या माहेरच्या गावी गेले. २००८च्या थंडीत मी त्यांना भेटायला गेलो. तो गावातल्या बर्फाच्या रिंकवर कोच झाला होता. त्या दिवशी मोठ्या माणसांचा वर्ग होता; पोट सुटलेले, पहिल्यांदाच स्केट्स घातलेले लोक. त्यांच्यात त्याने मलाही उभं केलं. उलटा सरकत, माझे दोन्ही हात धरून तो एवढंच सांगत राहिला, "गुडघे वाकव. माझ्याकडे बघ, खाली नको." मी पडायचो, तो उठवायचा.

वर्ग संपला, लोक गेले. मी आणि त्याची बायको कठड्याशी बूट बदलत होतो. तो सामान आवरता आवरता सहज बर्फावर उतरला आणि पळू लागला. समोर अडवायला कुणी नव्हतं, बोलावणारा कोच नव्हता. दुखरा गुडघा सांभाळत, मोठी मोठी वळणं घेत तो नुसता फिरत होता. असं मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. घरी जेवण गार होतंय, असं बायको मला म्हणाली. पण तिने त्याला हाक मारली नाही.