आमची आई पोर्तुगीज निघाली

आमची आई पोर्तुगीज आहे, हे आम्हाला तिच्या लग्नाला वीसेक वर्षं झाल्यावर कळलं. तोवर ती परळच्या चाळीत बाबांची बायको, आम्हा भावंडांची आई आणि मजल्यावरच्या नळाची स्वयंघोषित मुकादम म्हणून सुखाने नांदत होती. तिचं माहेर गोव्यातल्या पेडण्याकडचं. बाबांचं गाव खाडीच्या अलीकडे, तिचं पलीकडे. लग्नाचं वऱ्हाड होडीतून आलं आणि देश ओलांडला असं त्यात कुणालाच वाटलं नव्हतं.

बाबा गिरणीत साच्यावर कामाला होते आणि गिरणी सुटली की चळवळीत. मराठी बोलणारी सगळी माणसं एका राज्यात आली पाहिजेत आणि त्या राज्याला मुंबई मिळाली पाहिजे, हे ते चाळीच्या चौकात घसा बसेपर्यंत सांगत. आपल्या घरातलं एक माणूस एका राज्यातच काय, एका देशातही नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

एके दिवशी आईच्या गावचा एक खलाशी निरोप घेऊन आला. आजी अंथरुणाला खिळली होती. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता आणि सरकारने तिकडची वाट बंद केलेली, परमिटाशिवाय जाता येत नव्हतं. आईला मराठी वाचता येई, इंग्रजी येत नसे, म्हणून परमिटाच्या कचेरीत मी सोबत गेले. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि इंग्रजी कागदांची मला फार हौस होती.

कोट भागातल्या त्या कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "जन्म कुठला?"

"पेडण्याचा."

"म्हणजे पोर्तुगीज हद्दीतला. तुम्ही पोर्तुगीज प्रजा. परदेशी."

"नाय ओ," आई समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी परळची."

कारकुनाने परळ लिहून घेतलं नाही. परदेशी बाईचे कागद वेगळ्या टेबलावर, आणि वेगळ्या टेबलावरचा साहेब रजेवर.

संध्याकाळी बाबा हे ऐकून जेवता जेवता थांबले. "म्हंजे इतकी वरसा मी फिरंगिणीच्या हातचा जेवतंय?"

"आवाडता मां?" आई म्हणाली आणि त्यांच्या पानात आणखी आमटी वाढली.

पण बाबांना ते लागलं होतं. मुंबई आपली म्हणून ते लाठ्या खात होते आणि सरकारच्या लेखी त्यांची बायकोच आपली नव्हती. ते चळवळीतल्या एका वकिलाला घरी घेऊन आले. पकडलेल्या सत्याग्रहींच्या बाजूने हे गृहस्थ फुकट उभे राहत आणि त्या भावात जेवढा कायदा बसतो तेवढा सांगत. त्यांनी चहा घेतला आणि आईला बजावलं, "बाई, जपून राहा. परक्या देशाच्या माणसाने इथल्या राजकारणात पडायचं नसतं. मोर्चात सापडलात तर सरकार हद्दपार करू शकतं."

"हद्दपार म्हंजे खंय धाडतले?"

"जिथून आलात तिथे."

"पेडण्याक?"

"हो."

"आणि भाडा?"

"ते सरकारच भरणार," वकील गंभीरपणे म्हणाले.

त्या आठवड्यात बायकांचा मोर्चा निघाला. आईने आजवर एकाही मोर्चात पाऊल टाकलं नव्हतं. दुपारचं पाणी कोण भरणार, हा तिचा प्रश्न असे. त्या दिवशी मात्र ती पहिल्या रांगेत होती. बाकीच्या बायकांच्या हातात फलक होते, तिच्या हातात पिशवी. आत आजीसाठी सुती लुगडं, खाजं आणि छातीला चोळायचा बाम. जमावबंदी होतीच. पोलिसांनी काही बायकांना पकडून आपल्या गाडीकडे नेलं, तेव्हा ही आपण होऊन गाडीत चढली. एवढी उत्साही सत्याग्रही त्या हवालदाराने पाहिली नसावी. त्याने पिशवी उघडून बघितली आणि खाजं परत बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी भोईवाड्याच्या कोर्टात आम्ही सगळे मागच्या बाकावर बसलो. बाबांचा ऊर अभिमानाने भरून आला होता. खरं कारण त्यांना ठाऊक नव्हतं. मॅजिस्ट्रेटने गुन्हा कबूल आहे का विचारलं. आई म्हणाली, "कबूल. आणि साहेब, मी पोर्तुगीज आसंय. माका हद्दपार करा."

वकिलांनी कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेटने लेखणी खाली ठेवली.

"मुंबईत कधीपासून आहात?"

"लढाईच्या आदी लगीन झाला, तेवापासून. मुंबई सोडून खंय रवलंय नाय."

"मग तुम्हाला परदेशी कुणी ठरवलं? घटना लागू झाली तेव्हा जो इथे पाच वर्षं वस्ती करून होता आणि इथलाच झाला होता, तो भारताचा नागरिक. तुम्ही तर त्याच्या दुप्पट काढलीत. तुम्हाला या देशातून कुणीही हाकलू शकत नाही." मग वकिलांकडे बघून ते म्हणाले, "आपणही कधीतरी वाचून पाहा."

आईला कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. शेजारच्या बायका तिला हक्क मिळाल्याबद्दल शाबासकी देत होत्या आणि ती पदराने डोळे पुसत होती. त्यांना ते आनंदाश्रू वाटले. ती मला हळूच म्हणाली, "आता गे आवशीक कशी बघू?"

नागरिक झाल्यामुळे परमिटाचं पहिलं टेबल पुन्हा सुरू झालं. भारतीय माणसाला गोव्यात जायचं म्हणजे कारण हवं, कारणाला पुरावा हवा. बाबांनी सभा सोडून कचेरीचे खेटे घातले. अखेर कुणाला तरी दया आली आणि परमिट निघालं. भाऊच्या धक्क्यावर आम्ही तिला वेंगुर्ल्याच्या बोटीत बसवून दिलं.

खाडीपलीकडच्या चौकीत पोर्तुगीज अंमलदाराने तिचं परमिट पाहिलं आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, की पेडण्यात जन्मलेली बाई त्यांच्या दप्तरी त्यांचीच. घरी यायला तिला कुणाची परवानगी नको. बाहेर जायला मात्र त्यांची लागेल, आणि ती मिळेल असं नाही.

आजी तिला भेटली. आठवडाभर आईने तिला पेज भरवली. लुगडं नेसवलं ते शेवटचंच. याबद्दल आई फार बोलली नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर ती परवानगी मागायला गेलीच नाही. एका सकाळी मासळीच्या पाटीशेजारी होडीत बसली आणि, भोईवाड्याच्या कोर्टाने जिला भारताची नागरिक म्हटलं होतं ती, चोरून भारतात उतरली. चिखल तुडवत वर आली, तर समोरच आपली पोलीस चौकी. तहान लागली होती म्हणून तिने तिथेच पाणी मागितलं. शिपायाने तांब्या भरून दिला.

"खंयसून इलात, वैनी?"

"परळसून," आई म्हणाली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.