दुसऱ्या जॉब कार्डावरचं गाणं

"हा संपाचा निरोप आहे की नाही, एवढंच सांगा," पर्सोनेल मॅनेजर मला म्हणाले. समोर मिलिंग मशीनवरचा ऑपरेटर सुदाम कांबळे उभा. टेबलावर त्याच्या अक्षरातलं एक जॉब कार्ड.

पिंपरीतल्या त्या कंपनीत मी अनुवादक होतो. सर्क्युलरं मराठीत आणायची, इंग्रजी कागदांचा अर्थ सांगायचा. सत्तरचं दशक, युनियन गरम. जॉब कार्ड म्हणजे कोणता पार्ट किती वेळात करायचा, ते लिहिलेला जाड कागद. कांबळेच्या कार्डामागे सुपरवायझरला इंग्रजी ओळी सापडल्या. भोंगा वाजेल, पण गेटातून कोणी आत जाणार नाही, असं काहीसं. मी जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत शेरा मारून मोकळा झालो होतो, 'मजकूर प्रक्षोभक.' त्यावर चार्जशीट निघाली, आणि आज डोमेस्टिक एन्क्वायरी, म्हणजे कंपनीतलंच छोटं कोर्ट, बसलं होतं. माझ्या दोन शब्दांवर त्याची नोकरी लटकत होती.

"विलायती रॉक गाणं हाय, साहेब," कांबळे म्हणाला. "मशीन बसवाय आलेल्या गोऱ्या फिटरनं कॅसेट दिली, गाण्याचा कागदबी दिला. कागद फाटाय लागला म्हणून कार्डावर उतरवलं."

"गाणं असलं तरी अर्थ तोच ना?" मॅनेजर म्हणाले.

"अर्धंच वाचलंय तुमी. एका कार्डावर मावलं न्हाई. दुसरं लॉकरमधी हाय."

एवढं साधं विचारायचं मलाच सुचलं नव्हतं! किल्ली घेऊन मी स्वतः वर्कशॉपकडे पळालो. धापा टाकत परत आलो, दुसरं कार्ड मोठ्यानं वाचून अर्थ सांगायला लागलो. गिरणी मालकानं बंद केली आहे. बाप तरी रोज पहाटे उठतो, डबा भरतो, बंद गेटापर्यंत जाऊन येतो. मुलगा दारातून बघत राहतो, त्याला अडवत नाही.

"साहेब, हा संप नाहीच!" मी जवळजवळ ओरडलो. "गेट मालकानं लावलंय. राजकारण आहे, पण ते पहिल्या कार्डावर. दुसऱ्यावर बाप आहे."

"म्हणजे मालकाच्या विरुद्धच की!"

"गिरणी बंद करणाऱ्याच्या. आपण कुठे बंद करतोय?"

मॅनेजर कांबळेकडे वळून म्हणाले, "तुला का एवढं आवडलं रे?"

"माझा बाप गिरणीत व्हता. बंद पडल्यावर तोबी असाच डबा घेऊन जायचा. गोऱ्यांच्यातबी असं असतंय, हे ठावं नव्हतं."

मी सगळ्यांसमोर माझा शेरा खोडला आणि शेजारी सही केली. लाज वाटत होती, पण आनंद इतका झाला होता की सही वाकडी आली.

चार्जशीट मागे घेतली गेली. कांबळेला फक्त ताकीद मिळाली, कंपनीची दोन कार्डं खासगी कामाला वापरल्याबद्दल. तिचं मराठी मीच केलं. ते वाचून तो म्हणाला, "हिला काय चाल लागायची न्हाई, साहेब."

पुढे रिटायर होईपर्यंत कुठल्याही कागदावर शेरा मारण्याआधी मी एकच प्रश्न विचारायचो, दुसरं कार्ड आहे का?