तिकीट वसूल

"ताई, तिकीट वसूल!"

दवाखान्याचं दार ढकलून आत आले की काका आधी हे म्हणायचे आणि मग नमस्कार करायचे. सकाळी रंकाळ्यावर एक चक्कर झाली, तिकीट वसूल. रिक्षावाल्याशी मनसोक्त भांडण झालं, तिकीट वसूल. एकदा गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेले, तर म्हशीनं शेणानं भरलेली शेपटी पांढऱ्या शर्टावर मारली. घरी जाऊन शर्ट बदलायचा सोडून काका तो मिरवत आमच्याकडे आले. तिकीट म्हणजे अमेरिकेहून कोल्हापूरला यायचं विमानाचं तिकीट. ते कशानं वसूल होईल याचा काही नेम नसे.

मी राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. डॉक्टर तोंडात बघतात आणि मी तोंडाकडे बघते, कारण खर्च सांगायचं काम माझं. तुम्हीही कधी ना कधी अशा काउंटरसमोर उभे राहिला असाल. आकडा ऐकल्यावर माणसं खिसे चाचपतात, छताकडे बघतात, "घरी विचारून सांगतो" म्हणतात आणि जी जातात ती पुन्हा फिरकत नाहीत. एवढ्या वर्षांत खर्च ऐकून मोठ्यांदा हसलेला माणूस मी एकच पाहिला.

त्यांचा पहिला फोन व्हिडिओवर आला होता. पडद्यावर जवळजवळ बोळकं झालेलं एक तोंड आणि मागे कुणाचातरी खांदा.

"ताई, वरचं आन् खालचं, दोन्ही बाजू फिक्स. स्क्रूचं दात. किती हुतील?"

मी सांगितलं. काका खदखदून हसले आणि मागच्या खांद्याकडे वळले. "ऐकलंस न्हवं? हितल्या एका जबड्याच्या पैशात तिकडं दोन्ही जबडं, येणंजाणं, आन् वर आक्काला लुगडं!" मग परत माझ्याकडे. "आन् ताई, दोन्ही जबडं एकदम घेतलं तर काय कमीजास्त?"

"काका, ही मेथीची पेंडी नाही."

"म्हाईत हाय की. इचारायला काय जातंय?"

काका मूळचे उचगावचे. तिथल्या फौंड्रीत नोकरीला लागले, काम शिकले आणि तरुणपणीच अमेरिकेत ओहायोला गेले. तिकडेही आयुष्यभर लोखंडच ओतलं. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या जबड्याचं माप घ्यायला तो गुलाबी लगदा तोंडात कोंबला, तेव्हा तशाच भरल्या तोंडानं काहीतरी सांगायची धडपड चालली होती. लगदा निघाल्यावर म्हणाले, "मोल्डिंग बरं केलंसा. फकस्त आमच्याकडं मातीला इतकी चव नसायची."

काउंटरसमोरच्या खुर्चीत बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, तेही पहिल्या आठवड्यातच. बायको गेल्यावर त्यांना गावाची ओढ लागली. मुरगूडला थोरली बहीण, आक्का, एकटी राहते. तिच्याकडे जाऊन बसावं असं वाटे. पण मध्ये हृदयाचं दुखणं झालं आणि मुलानं त्यांना एकट्यानं प्रवास करू द्यायला साफ नकार दिला. "तिकडे काम काय आहे?" हा त्याचा प्रश्न. काकांकडे उत्तर नव्हतं. मग दात हलायला लागले, तिथल्या डॉक्टरनं खर्च सांगितला, तो ऐकून मुलगाच हलला, आणि काकांना उत्तर सापडलं.

"दात पडलं ते लई बरं झालं बगा," ते म्हणाले. "न्हायतर काय सांगून येनार हुतो? म्हशी बगायच्यात म्हनून?"

"आणि दात बसल्यावर?"

"मग काय. दात पक्कं झालं की मी बी तिकडं पक्का."

हे ते हसत हसत म्हणाले, पण मी तोंडाकडे बघणारी बाई आहे. त्या हसण्यात काही दम नव्हता.

या स्क्रूच्या दातांचं असं असतं की दोन खेपा कराव्या लागतात. पहिल्या खेपेत जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचे आणि वर कच्चे दात लावायचे. हाडानं स्क्रू धरेपर्यंत सहाएक महिने थांबायचं. मग दुसऱ्या खेपेत पक्के दात. परदेशातून येणारे पेशंट हे ऐकून कपाळावर आठ्या घालतात. काकांनी विचारलं, "दोनच?"

त्यांची बोली ऐकून आमच्या दवाखान्यातली पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. आता शहरात 'व्हय', 'न्हाय' म्हणायला लोक लाजतात, आणि हा ओहायोचा माणूस मात्र गेला त्या दिवशीचं कोल्हापूर जिभेवर तसंच घेऊन आला होता. त्याच कोल्हापुरात एका रिक्षावाल्यानं त्यांना विचारलं, "कुटं सोडू, पावणं?"

काका भडकले. "पावणा कुनाला म्हनतोस रं? तुज्या जन्माआदी मी ह्या रस्त्यानं सायकलवरनं उचगावला गेलतो!"

"मग बसा की मालक," रिक्षावाला म्हणाला.

भांडणाचं तिकीट वसूल झालं खरं, पण ते सांगून झाल्यावर काकांनी खुर्ची काउंटरजवळ ओढली. मग हळूच मला म्हणाले, "ताई, मी पावणा दिसतोय व्हय?"

मी नीट बघितलं. पांढरेशुभ्र बूट, मानेवर झालर असलेली टोपी, छातीवर आडवी लटकवलेली पाण्याची बाटली. "थोडे दिसता," मी म्हणाले. मला गोड बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी काका नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला करकरवत आले. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या. "काय जमाना आलाय बगा," ते म्हणाले, "दात मला न्हाईत आन् चप्पल मला चावतीया!"

कच्चे दात बसले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, की स्क्रू हाडात रुजेपर्यंत फक्त मऊ खायचं. मऊभात, शिरा, खिमट. कोल्हापुरात येऊन खिमट! काकांनी फार अदबीनं विचारलं, "डॉक्टर, पांढरा रस्सा मऊ म्हनायचा का कडक?" डॉक्टर पुण्याहून आलेले, तरुण, सरळ. त्यांनी विचार करून सांगितलं की रस्सा चालेल, मटणाच्या फोडी नाहीत. त्यानंतर काका, मुरगूडहून सोबतीला राहायला आलेल्या आक्काला घेऊन, रोज कुठे ना कुठे रस्सा प्यायला जायचे आणि ताटातल्या फोडी आक्का खायची. आक्काचं वजन वाढलं.

परत जायचं दोन दिवसांवर आलं आणि सकाळी दार धाडकन उघडलं. पुढे आक्का, मागे तोंडाला रुमाल लावलेले काका.

"ऊस खाल्ला ह्यानं!" आक्का दारातूनच ओरडली. "दातानं सोलून! शेरडागत!"

"ऊस?" डॉक्टरांचा आवाज चिरकला. "काका, ऊस?"

"गडबडीत ध्यानात ऱ्हायलं न्हाय," रुमालातून उत्तर आलं.

आता तुम्हीच सांगा. शेतात जायचं, कांडं मोडून घ्यायचं, ते तोंडाला लावायचं, दाढेखाली साल धरून ओढायची, आणि एवढं होईपर्यंत ध्यानात येऊ नये की आपल्या तोंडात कच्चे दात आहेत? वरची अख्खी पट्टी मधोमध तडकली होती. डॉक्टर पहिल्यांदाच रागावलेले मी पाहिले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की एखादा स्क्रू सैल झाला असता तर सगळं काढून पहिल्यापासून करावं लागलं असतं आणि तुमच्या हृदयाला ते पुन्हा झेपलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. काका पांढरे पडले. स्क्रू सुदैवानं शाबूत होते. पण लक्ष ठेवायला हवं म्हणून आणखी तीन आठवडे विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरांनी फर्मावलं.

मी तोंडाकडे बघते, हे मी सांगितलंच. रुमालाच्या वर फक्त डोळे दिसत होते. भीती अजून गेली नव्हती, पण तीन आठवडे ऐकल्यावर ते डोळे हसले.

जाताना आक्का माझ्यापाशी थांबली. "मुद्दाम खाल्ला ग त्यानं," ती म्हणाली. "म्या सोलून देते म्हनून इळा घेतला, तर इळा माज्या हातातनं काडून घेतला." आणि पदर तोंडाला लावून ती हसली, का रडली, ते मला सांगता येणार नाही.

ते तीन आठवडे काकांनी निमूट खिमट खाल्लं.

दुसऱ्या खेपेला पक्के दात तयार झाले आणि काकांनी खुसपटं काढायला सुरुवात केली. "उजवीकडं जरा उंच लागतंय." डॉक्टरांनी घासून कमी केलं. "आता डावीकडं." तेही केलं. "लई पांढरं हाईत, तोंडात ट्यूबलाइट लावल्यागत." रंग बदलून आणला. "शिट्टी वाजत न्हाय." हे ऐकून डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. कोल्हापूरच्या पेठापेठांतले फुटबॉल सामने बघत वाढलेल्या माणसाला मैदानावर शिट्टी लागते, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. बिचाऱ्यांनी पुढचे दोन दात पुन्हा नीट करून आणले. काकांनी स्टेडियमवर जाऊन शिट्टी वाजवून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की शिट्टी बरी हाय, पर आता परत उजवीकडं उंच लागतंय.

संध्याकाळी डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "ताई, दात मागच्या आठवड्यातच नीट बसलेत. आता मी घासतोय ते नुसतं मशीन फिरवतोय."

"माहीत आहे," मी म्हणाले.

आणि मग काकांच्या मुलाचा फोन आला. थेट दवाखान्यात. काका नेमके माझ्यासमोर बसले होते.

"मॅडम, पप्पांच्या दातांना अजून किती दिवस लागतील?" सावकाश, शब्द जुळवत बोलणारा आवाज. "काही प्रॉब्लेम आहे का? मला काळजी वाटते."

काकांनी हात जोडले. मग बोटांनी काहीतरी आकडा दाखवला. मग दोन्ही हातांनी मोठा जबडा करून दाखवला, म्हणजे मोठा प्रॉब्लेम आहे असं सांगा. मी रोज खोटं बोलते. डॉक्टर घरून निघालेही नसतात तेव्हा "पाच मिनिटांत येताहेत" म्हणून सांगते. पण पलीकडचा मुलगा खरंच काळजीत होता, आणि समोरचा माणूस खरी गोष्ट सोडून बाकी सगळं सांगत होता. मला दोघांचा राग आला आणि दोघांची दयाही आली.

"दात झालेत," मी म्हणाले. "पुढचं काकाच सांगतील." आणि फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे ठेवला.

काका माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी भूल न देता त्यांची दाढ उपटली होती. बाकावरच्या पेशंटनीही माना वर केल्या.

"झाल्यात," काका शेवटी म्हणाले. "आट दिस झालं. डॉक्टरची चूक न्हाय, मीच लांबवत हुतो." मग थांबून, खाली बघत, "मला यायचं असतंय रं हिकडं. दातासाठी न्हाय. आसंच. काम कायबी न्हाय. आक्काजवळ बसायचं, उचगावात हिंडायचं, चार लोकांस्नी वळक दाखवायची. फुडच्या साली बी यायचं हाय. आन् दुकत तर कायबी न्हाय."

मी फोन त्यांच्याकडे आणखी थोडा सरकवला.

"मग सांगायचं की, पप्पा," मुलगा म्हणाला.

ओहायोत जन्मलेला, मराठी शब्द चाचपत बोलणारा मुलगा, पण तो 'की' थेट उचगावचा होता. काकांनी चष्मा काढला आणि नव्या, चांगल्या बसलेल्या दातांनी ओठ घट्ट दाबून धरला. उपयोग झाला नाही. ते रडले, मी रडले, आणि बाकावरच्या एका पेशंटला वाटलं की इथं दात बसवायला फार दुखतं. तो उठून गेला तो परत आलाच नाही.

दोन दिवसांनी काका गेले. डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, वर्षातून एकदा तपासणी करायची, विसरायचं नाही. काका म्हणाले, व्हय व्हय.

पुढच्या वर्षी ते आले, हे मला आक्काच्या शेजारणीकडून कळलं. ती अक्कलदाढ काढायला आली होती. काका महिनाभर मुरगूडला होते म्हणे. आमच्याकडे फिरकले नाहीत. मला राग आला, खोटं कशाला सांगू? माणूस तासन् तास आपल्यासमोर बसतो, आपल्याला सगळं सांगतो, आणि मग दार ढकलून डोकावतसुद्धा नाही. त्यांची ती खुर्ची कुणी ओढून घेतली तरी मला उगाच वाईट वाटायचं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच.

परवाच्या रविवारी मी लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले होते. रस्त्याच्या पलीकडे पेरूच्या गाडीपाशी काका उभे होते. शेजारी उंचापुरा, गोंधळलेला एक गडी, दोन्ही हातांत आक्काच्या पिशव्या. ओठ आणि कपाळ बापाचंच. काकांनी एक कच्चा, हिरवा पेरू उचलला, शर्टाला पुसला आणि कचकन चावा घेतला. चावता चावताच पेरूवाल्याशी वाद सुरू केला, तोंडभर हसले, आणि उरलेला पेरू मुलाच्या तोंडापुढे धरला. पिशव्या हातात असल्यानं त्यानं मान पुढे करून तसाच चावा घेतला.

"काका, तपासणी!" अशी हाक अगदी ओठांवर आली होती. पण त्या माणसाला इथं यायला आता माझ्या दवाखान्याची गरज उरली नव्हती, आणि मला ते बघून इतकं बरं वाटलं, की हाक मारायची राहूनच गेली. रस्त्याच्या अलीकडूनच मी त्यांचे दात बघून घेतले. वरचे, खालचे, सगळे ठीक होते. वर्षाची तपासणी झाली असं समजून मी मेथी घ्यायला गेले.