कूलरच्या मोटरवर चाललेली गाडी

यंदा उन्हाळ्यात आमच्या घरचा कूलर बंद होता, कारण त्याची मोटर गाडीले लावली होती.

गाडी म्हणजे साधीसुधी नाही. लाल रंगाची, दोन दाराची, परदेशातली, रेसच्या गाडीसारखी. इतकी बसकी, की तिच्यातून उतरायचं म्हणजे जमिनीवरून उठायचं! मी रायपूरजवळ सिलतऱ्याले एका कारखान्याच्या मालकाकडे ड्रायव्हर होतो. मालकाच्या पोट्ट्यानं हौसेनं ती कोरी आणली. मालक एकदाच तिच्यात बसले अन् चौघांनी धरून बाहेर काढले. (कंबरेत उसण. महिनाभर झोपून.) मग गाडी शेडमध्ये पडून राहिली, अन् मी रिटायर झालो तेव्हा मालकानं चाबी माझ्या हातावर ठेवली. मले तेव्हाच शक आला. फुकटात कोण देते जी? मी आजही वाट पाहून राहिलो, की कोणीतरी बिल घेऊन येईन.

तात्यापाऱ्यात आमच्या घरी आल्या दिवसापासून त्या गाडीची मालकीण माझी बायको, सुमन. तिनं आपल्या जुन्या लुगड्यांचं कव्हर शिवलं अन् मले जवळ फिरकू देईना.

"तुमच्या पॅन्टले ग्रीस असते."

"अवं, रिटायर झालो मी!"

"पॅन्ट कुठं झाली?"

वर्षातून एकदा, दसऱ्याले, गाडी बाहेर निघे. हळदकुंकू, हार, चाकाखाली लिंबं, मग चौकातल्या देवीपर्यंत जायचं अन् परत. बस! म्हणून तीस वर्षांच्या गाडीचं मीटर चारशेच्या थोडं वर. रायपुरातली सायकल याच्यापेक्षा जास्त फिरते.

मागच्या हिवाळ्यात सुमन गेली. दवाखान्यात मले म्हणाली, "गाडी विकून टाका. घरात उभी राहीन तं तुम्ही तिच्याकडेच पाहत बसान. पण फुकटात देऊ नका. मी जपलं आहे तिले." अन् वरून म्हणाली, "सगळ्या दुनियेवर शक घेता, अन् फसता बी तुम्हीच." हे नसती बोलली तरी चाललं असतं. पण बोलली. आता परत घेता येत नाही.

तं पोरीनं, रेखानं, गाडीचे फोटो मोबाईलवर टाकले. एका जुन्या गाड्यांच्या शौकीन माणसाचा फोन आला. भिलाईचा होता.

"अंकल, कितनी चली है?"

मी आकडा सांगितला.

"चार सौ? बहुत कम है! मैं कल आता हूँ।"

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. 'बहुत कम' काहून म्हणाला? म्हणजे त्याले खोटं वाटलं. अन् वाटणारच! जन्मभर मी कोणाच्या मीटरवर विश्वास ठेवला नाही. एखाद्यानं मले येऊन सांगितलं असतं, की माझी तीस वर्षांची गाडी चारशे चालली, तं मी चहा न पिता उठलो असतो.

जावई सुधीर घरीच होता. रेल्वेत इलेक्ट्रिशियन आहे. मराठी समजते, पण उत्तर हिंदीत देते.

"मामाजी, जितनी कम चली, उतना भाव ज्यादा! इसी बात का तो पैसा है।"

"तुले काय समजते बे? रेल्वेले मीटर असते का?"

"पर मामाजी..."

"आपण आकडा वाढवू. आठ-दहा हजार. माणसाले पटला पाहिजे."

(सगळी दुनिया विकताना मीटर मागे फिरवते. पुढे नेणारा मी पहिलाच. हुशारी माझ्यात भरून वाहत होती.)

सुधीरनं डोकं धरलं, पण सासऱ्यापुढं बोलणार किती? त्यानं सांगितलं, मीटरमध्ये खालून एक तार येते, ती फिरली की आकडे फिरतात. आता घरात दिवसभर न थांबता फिरणारी वस्तू कोणती? आम्ही दोघं एकदमच खिडकीकडे पाहिलं.

"खबरदार!" रेखा ओरडली. "बाहेर आग पडून राहिली, अन् तुम्ही कूलर खोलता?"

खोलला. मोटरच्या दांड्यावर रबरी नळी चढवली, नळीत तार घुसवली, बटन दाबलं. घर्रर्र! आकडे पळायले लागले. चाकं जागच्या जागी, अन् गाडी प्रवासाले निघाली!

सुधीर वाकून मोटर पाहत होता. "मामाजी, सीधा घूम रहा है ना?"

"अबे, गोल फिरते, त्याले सीधा काय अन् उलटा काय!"

चष्मा आत पलंगावर होता. आणायचा कंटाळा केला. आम्ही ओला टॉवेल अंगावर टाकून झोपलो. रेखा पेपरानं वारा घेत बसली अन् कोणाचं तरी नाव घेऊन पुटपुटत होती. माझंच असणार.

दिवस कलला तेव्हा दारावर थाप. दारात तो शौकीन माणूस! उद्या येतो म्हणून आजच आला. मले पुन्हा शक आला, की अचानक धाड टाकायले आला. (तो म्हणाला, रायपूरले काम होतं.)

त्यानं लुगड्यांचं कव्हर उचललं अन् गडी खुलला. खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. सगळीकडे चिकटलं, म्हणजे कुठंच पोचा भरून पुटिंग मारलं नाही. "वाह! ओरिजिनल पेंट!" पेडल पाहिले. "रबर एकदम कोरा!" सीट पाहिली. "वाह अंकल! ऐसी गाड़ी मैंने नहीं देखी!"

मग त्यानं मान आत घातली.

मीटरवर नव्व्याण्णव हजार आठशे.

खाली मोटर, गडबडीत बंद करायची राहिलेली. घर्रर्र.

मोटर उलटी फिरत होती! चारशे उतरले, शून्य आलं, अन् शून्याच्या खाली मीटरले जागा नाही, तं त्यानं दुसऱ्या टोकाचा, सगळ्यात मोठा आकडा धरला अन् तिथून खाली उतरत राहिलं.

"अंकल," तो हळूच म्हणाला, "मीटर सब पीछे घुमाते हैं, मालूम है। पर जीरो के भी पार?"

"भैया, मागे नाही! मी पुढे नेत होतो!"

"आगे? बेचने के लिए?"

आता हे मी कोणाले समजावू! तो पुन्हा सगळं पाहायले लागला. जे मघाशी कोरं होतं, ते आता बदललेलं दिसायले लागलं. "पेडल नया डाला। सीट नई। पेंट भी..."

"टायर पहा! जुने आहेत, भेगा पडल्या!"

"पुराने टायर भी ढूंढ के लगाए? मान गया!"

तेवढ्यात सुधीरले जोश चढला. "रुकिए भैया, अभी वापस लाता हूँ!" त्यानं मोटरच्या तारा उलट जोडल्या अन् आकडे त्या माणसाच्या डोळ्यासमोर दुसऱ्या बाजूनं पळायले लागले.

"अच्छा!" तो म्हणाला. "मतलब जो नंबर चाहिए, वो मिलता है!"

मी सुधीरकडे पाहिलं. त्यानं बटन बंद केलं.

शेवटी तो म्हणाला, भंगाराच्या भावात घेतो.

"नाही देत," मी म्हटलं. "भंगार नाही हे. माझ्या बायकोनं जपली आहे."

"तो आंटीजी को बुलाइए। शायद वो सच बता दें।"

रेखा पेपर हातात घेऊन बाहेर आली. "आई नाही आता, भैया. असती तं हे दोघं या मोटरले बांधलेले दिसले असते!"

अन् ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग थांबताच येईना, तशीच ओट्यावर बसून हसत राहिली. मी पाहत राहिलो. भाव गेला, गिऱ्हाईक गेलं, पण फुकटात काही मी दिली नाही. तेवढा सुमनचा शब्द राहिला.

तो माणूस बिचारा ओशाळला. हात जोडून माफी मागितली, अन् जाताना खिशातून मोबाईल काढला. मले वाटलं, गाडी मनात भरली, आता फोटो काढते अन् चार दिवसांनी परत येते. मी लगेच बाजूले सरकलो.

"नहीं नहीं, अंकल, आप मत हटिए," मोबाईल माझ्यावर रोखून तो म्हणाला. "गाड़ी तो कहीं और भी मिल जाएगी।"