आखूड दांडीचा बेस

व्हर्लीन गॅडिसला मोडकी वस्तू टाकून देणं जमत नसे. अमेरिकेतल्या सॅगिनॉ गावच्या मोटार कारखान्यात तिने उभा जन्म गाड्यांच्या सीटा शिवल्या. निवृत्त झाल्यावर गल्लीभरच्या खुर्च्या, पंखे, गवत कापायची यंत्रं तिच्या गॅरेजात येऊन पडू लागली. दुरुस्त व्हायची सगळी, पण अशा रूपात की मूळ मालकानेही ओळख दाखवू नये. "चालतंय ना?" हा तिचा एकच सवाल असे. आणि चालायचं, म्हणून लोकही गप्प बसायचे.

तिचा थोरला भाऊ होझिया मात्र चालेना. तो चर्चचा डीकन, म्हणजे मानाचा सेवेकरी, आणि तिथला बेस गिटार वाजवणारा. अर्धांगाचा झटका आला, त्यातून पाय सावरला, जीभ सावरली, पण डाव्या हाताची बोटं फाकेनात. दाबता यायचं, फाकवता नाही. आणि बेसची दांडी लांब, पडदे एकमेकांपासून दूर. होझियाने बेस कपाटामागे उभा केला आणि चर्चला जाणं सोडलं. मग दाढी करणं सोडलं. मग जेवणही दोन चमचे मक्याच्या लापशीवर आलं. व्हर्लीनला कळत होतं की माणूस आजाराने नाही, रुसव्याने मरतोय, आणि त्या रुसव्यावर औषध नव्हतं.

म्हणून तिने बेस बनवायला घेतला. धड होझियाच्याच जुन्या बेसचं. दांडी शाळकरी पोरांच्या आखूड बेसची, पडदे जवळजवळ असलेली. चारपैकी तीन खुंट्या काळ्या, एक पितळी. आवाज कमीजास्त करायचं बटण तिच्या स्वतःच्या गॅसच्या चुलीचं होतं. ते एक बटण गेल्यापासून ती मागची शेगडी पकडीने पेटवत असे.

दांडी विकणाऱ्या दुकानदाराने तिला बजावलं होतं, "तारा टेकतात ती घोडी सव्वा इंच पुढे घ्या बरं का, ताई. पडदे आखूड मापाचे नि तारा लांब मापाच्या राहिल्या, तर खाली कसंबसं निभेल, पण दांडीवर जसजसे वर जाल तसतसा सूर उतरत जाईल."

तिने माप घेतलं, खूण केली, ड्रिल हातात धरलं. खूण नेमकी तिथे पडली जिथे होझियाच्या उजव्या तळव्याने वर्षानुवर्षं घासून रंग उडवला होता आणि खालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. तिथे भोक पाडायला तिचा हात धजेना. तिने घोडी जुन्याच भोकांवर बसवली. बेसवाले खालीच तर वाजवतात, वर जातंय कोण, अशी तिने मनाची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरी गोष्ट अशी की व्हर्लीनने भावाला वाजवताना धड पाहिलंच नव्हतं. दर रविवारी प्रवचन संपत येई तेव्हा ती चर्चच्या तळघरात कोंबडी तळत असे. तिला छतातून नुसतं धमधम ऐकू यायचं.

होझियाने बेस पाहिला आणि म्हणाला, "हे काय बांडगूळ?"

"वाजवून बघ, मग तोंड वाकडं कर."

तो स्वयंपाकघरात खालच्या पडद्यांवर थोडं वाजवून थांबला. बोटं पोचत होती. तिच्याकडे न बघता म्हणाला, "येतो चर्चला एकदा. एकच रविवार. नंतर हा विषय काढायचा नाही, आणि मला माझ्या खोलीत सुखाने पडू द्यायचं."

"सुखाने? उपाशी पडायला सुख म्हणतात होय?"

"व्हर्ली. एकच."

त्या रविवारी तिने कोंबडी दुसऱ्या बाईवर सोपवली आणि तिसऱ्या बाकावर बसली. रेव्हरंड टॉलिव्हरनी प्रवचन टिपेला नेलं, ऑर्गनवरच्या डेझरीने गाणं उचललं, होझिया खालच्या पडद्यांवर धीराने साथ देत होता. लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. आणि डेझरीने सगळं गाणं एक घर वर चढवलं.

ही इथली रीतच. लोक तापले की सूर चढवायचा, आणखी तापले की आणखी. व्हर्लीनला ते ऐकून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की होझियाचा हातही दांडीवर तेवढाच वर सरकतो. दुसऱ्या चढणीला बेस ऑर्गनच्या किंचित खाली राहिला. तिसरीला ढोलवाल्याने मान वळवून पाहिलं. आता भाऊ चारचौघांत बेसूर ठरणार, आणि दोष स्वतःच्या बोटांना देणार. घरी जाऊन दार लावून घेईल. ते दार पुन्हा उघडायचं नाही.

डेझरीला थांबवायचं म्हणून ती उठली, हात उंचावून बाकांमधून ऑर्गनकडे धावली. "नको, नको चढवू!" ती ओरडली. पण त्या गदारोळात कोण ऐकतंय? पांढरे हातमोजे घातलेल्या दोन सेविकांनी तिच्या अंगात आलंय असं समजून तिला दोन्ही बाजूंनी धरलं. एकीने पंख्याने वारा घातला, दुसरी कानाशी म्हणाली, "येऊ दे, सिस्टर, अडवू नकोस." आणि व्हर्लीनसारख्या पाषाणालाही देव पावला म्हणून हुरूप येऊन डेझरीने सूर आणखी एक घर चढवला.

होझिया थांबला. बेस बंद. नुसत्या टाळ्या राहिल्या. मागून एक म्हातारा ओरडला, "सावकाश, डीकन! घाई नाही!" व्हर्लीनला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मग तिने पाहिलं, होझियाने तार दाबली आणि आडवी ओढली. सतारिये मींड घेतात तशी. उतरलेला सूर चढून ऑर्गनला येऊन भिडला. पुढचा सूर, पुन्हा ओढ. प्रत्येक सुराला ओढ. बेसच्या तारा जाड, निकोप हातालाही जड जातात. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, दोनदा बोट निसटलं आणि दोनदा त्याने ते परत ठेवलं. गाणं संपेपर्यंत त्याने एकही सूर खाली राहू दिला नाही. सेविकांनी धरलं होतं म्हणून व्हर्लीन उभी होती.

गाडीत तो तिच्या शेजारी बसला. डावा हात मांडीवर उलटा पडलेला, बोटांची टोकं सोललेली. घर येईपर्यंत तिने धीर गोळा केला.

"माझं चुकलं, होझिया. बोटं तुझी ठीक आहेत. घोडी मी—"

"पहिल्या चढणीलाच कळलं मला. मी काय काल वाजवायला लागलोय?" तो म्हणाला. "भोक का नाही पाडलंस?"

"तिथे तुझा हात घासलेला."

होझियाने मागच्या सीटवरून बेस ओढून मांडीवर घेतला आणि त्या उघड्या लाकडावर अंगठा टेकवला. "इथे ना? मग पाड. बुधवारी सराव असतो, त्याच्या आत कर. असल्या बेसवर मी दर रविवारी जीव काढणार नाहीये."

व्हर्लीनने गाडी बंद केली आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन ती हमसाहमशी रडली.

"रडतेस काय," होझिया म्हणाला. "भूक लागलीय मला."